जूनमधली अलास्का क्रूझ: व्हिसा कोणते, केबिन कुठल्या बाजूची?

सिएटलहून निघून सिएटललाच परतणार असलात तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतोच. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या (म्हणजे परदेशात नोंदलेल्या) जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं, बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया. तिथून पुन्हा अमेरिकेत शिरायचं असतं, म्हणून अमेरिकेचा व्हिसाही मल्टिपल एंट्रीच हवा. लोक नेमके इथे अडकतात.

केबिनच्या बाजूसाठी जादा पैसे घालवू नका. ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश वळतं, दोन्ही बाजूंना दिसतं. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागाहून येतो; आवाज ऐकून कॅमेरा काढलात तर हुकलंच. स्कॅगवे बंदरावरून सुटणाऱ्या व्हाइट पास रेल्वेत मात्र घाट चढताना डावीकडे बसा. केचिकन बंदराला पाऊस ठरलेला, छत्रीपेक्षा टोपीवाला रेनकोट बरा.