वाचक विचारतात : बदलापूर-डोंबिवलीकडे घर बघताना

प्रश्न : आम्ही मुलुंडला भाड्याने राहतो. बदलापूर पश्चिमेला बॅरेज रोडच्या बाजूला टू बीएचके बजेटमध्ये बसतोय. एजंट म्हणतो, पाणी नदीकाठच्या चाळींत शिरतं, कॉम्प्लेक्समध्ये नाही. विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ठेवू नका, पण एवढ्यावरून नकारही देऊ नका. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही पुरांत उल्हास नदीचं पाणी शहराच्या सखल भागात घुसलं होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली तो दिवस २०१९चाच. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली ही नावं अशा वेळी बातम्यांत हमखास येतात. मात्र त्याच पश्चिमेत दोन गल्ल्या सोडून उंचवट्यावरची इमारत कोरडी राहते. म्हणून ‘बदलापूरला पूर येतो का’ हा प्रश्न निरुपयोगी. तुमच्या सर्व्हे नंबरचं काय, ते विचारा.

सर्व्हे नंबर इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशावर मिळतो, नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) पानावरही. तो घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि जागा पूररेषेच्या आत की बाहेर ते बघा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेचा हिशेबही त्याच काळासाठी साधारण अठरा टक्के निघतो.

कागद बघून झाले की इमारतीच्या तळमजल्यावर जा. विजेचे मीटर छातीच्या वर, नव्या फळीवर चढवलेले दिसले आणि जुन्या पेटीच्या खुणा खाली राहिल्या असतील, तर ते कुणी हौसेने केलेलं नसतं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी उपसायचा पंप कायमचा बसवलाय का? पार्किंगच्या खांबांना एका ठरावीक उंचीपर्यंतच नवा रंग आहे का? किराणावाल्याच्या खालच्या फळीवर काय ठेवलंय? त्याला ‘इथे पाणी येतं का’ विचारलंत तर ‘छे छे’ म्हणेल. ‘२०१९ला पाणी कुठवर आलं होतं?’ असं विचारा, तो हाताने उंची दाखवेल.

आणखी एक गोष्ट निसटते. इमारत उंचावर असते, पण स्टेशनकडे जाणारा एकमेव रस्ता नाल्यावरच्या बुटक्या मोरीवरून जातो. घर कोरडं, पण माणसं अडकलेली. शेजारच्या प्लॉटवर नुकताच भराव पडला असेल तर जुन्या अनुभवावरही विसंबू नका, कारण त्या प्लॉटचं पाणी आता तुमच्याकडे वळणार. नदीची बदलापूरची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात हे आकडे जाहीर होतात. पातळी सोळाच्या पुढे गेली की त्याच दिवशी जमेल तितक्या जवळ जाऊन रस्ता कुठे तुटतो ते पाहा.

प्रश्न : मुलगी रात्री साडेदहाच्या लोकलने परत येते. परिसर सुरक्षित आहे की नाही, हे ‘चांगली वस्ती आहे हो’ यापलीकडे कसं कळणार?
– एक आई, ठाणे

उत्तर : महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहता येतात. तारीख, जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘ठाणे ग्रामीण’ निवडणं. बदलापूर पूर्व आणि पश्चिम ही दोन्ही ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, म्हणून ‘ठाणे शहर’ घ्या. निदान सहा महिन्यांची यादी काढा, त्यात दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी येऊ द्या. बंद घरं फुटतात ती तेव्हा.

मग कलमं वाचा. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. ३०३ म्हणजे चोरी, दुचाकी गेल्याच्या तक्रारी बहुतेक यातच. ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, मंगळसूत्र आणि मोबाइल. ३०५ घरातली चोरी, ३३१ घरफोडी. त्यातलं पोटकलम ३ दिवसाचं आणि ४ रात्रीचं. ३०९ जबरी चोरी. ३१८ फसवणुकीचं, त्याचा गल्लीच्या सुरक्षिततेशी फारसा संबंध नाही, ते बाजूला काढा. प्रत्येक एफआयआरमध्ये घटनास्थळाचा पत्ता आणि ठाण्यापासूनची दिशा-अंतर असतं. तुमच्या भागातले तेवढे वेगळे करून वहीत मांडा. दिवसाच्या घरफोड्या एकाच पट्ट्यात दिसल्या, तर तिथे नवरा-बायको दोघं कामावर जाणारी घरं, अर्ध्या रिकाम्या इमारती आणि नावापुरता वॉचमन असं चित्र बहुधा सापडतं. ३०४ची नोंद एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा येत असेल, तर मुलीचा रोजचा रस्ता तो आहे का बघा.

या यादीवर भिस्त ठेवायची तेवढीच ठेवा. लैंगिक गुन्हे आणि मुलांसंबंधीचे गुन्हे संवेदनशील म्हणून तिथे टाकलेच जात नाहीत. म्हणजे तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त काळजी आहे, नेमकं तेच यादीत नाही. लोकलमधले आणि फलाटावरचे गुन्हे लोहमार्ग पोलिसांकडे नोंदले जातात, तेही शहराच्या ठाण्याच्या यादीत दिसत नाहीत. आणि दोन ठाण्यांच्या आकड्यांची तुलना नकोच. जिथे तक्रार चटकन घेतली जाते तिथला आकडा फुगलेला दिसतो.

उरलेलं काम पायांनी करायचं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी त्याच लोकलने मुलीसोबत उतरा. पूल उतरल्यावर शेअर रिक्षा मिळते का, की ‘सीट भरल्याशिवाय नाही’ म्हणून वीस मिनिटं उभं राहावं लागतं? शेवटची शेअर रिक्षा किती वाजता सुटते, हे रिक्षावाल्यालाच विचारा. रिक्षा गेटपर्यंत सोडते की नाक्यावर? नाक्यापासून गेटपर्यंतचे दिव्याचे खांब मोजा, त्यातले पेटलेले किती तेही मोजा. मेडिकलचं दुकान, दूध केंद्र, वडापावची गाडी यांपैकी त्या वेळी काय उघडं असतं, त्याला मी सीसीटीव्हीपेक्षा जास्त किंमत देईन. हाच फेरा पाऊस पडत असताना एकदा करा, कारण दिवे तेव्हाच जातात.

प्रश्न : डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट बघितलाय. रजिस्ट्रेशन झालेलं, घरपट्टी भरलेली, आधीच्या मालकाला कर्जही मिळालं होतं. मग इमारत अधिकृतच ना?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : यातली एकही गोष्ट अधिकृतपणाचा पुरावा नाही. दस्त नोंदणी म्हणजे व्यवहाराची नोंद, आणि घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी तर पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा नोंदणी क्रमांकही मिळवला होता. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा आत माणसं राहत होती.

मागायचं ते भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आणि राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला. झेरॉक्स हातात आली की तिच्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात पडताळा. तोंडी ‘हो हो, आहे’ चालणार नाही; माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. विकणारा तीस दिवस थांबायला तयार नसेल, तर त्यातून काय समजायचं ते समजा. मंजूर नकाशावर मजले मोजा, मग खाली उभं राहून इमारतीचे मोजा. आकडा जुळत नाही अशी उदाहरणं कमी नाहीत. त्या इमारतीत राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं चालू आहेत का, हेही सोसायटीकडून काढा. तो पुरावा नव्हे, पण एकाही फ्लॅटवर असं कर्ज नसेल तर कारण शोधलंच पाहिजे.

प्रश्न : पाण्याचं काय? सगळे ‘चोवीस तास पाणी’ म्हणतात.

उत्तर : नळाला चोवीस तास पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी भरलेली आहे, इतकंच. बदलापूर-अंबरनाथला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवतं. मुख्य लाइनला ते रोज किती वेळ येतं, हे पंप चालवणाऱ्या वॉचमनला विचारा. सोसायटीकडून मार्च ते मे या महिन्यांचा खर्च मागा आणि त्यात टँकरची ओळ शोधा. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात. ऐंशी फ्लॅटला ४३,२०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर रिते करूनही थोडं कमीच. टँकरचा दर स्थानिकांना विचारून गुणाकार केलात की मेंटेनन्सचा खरा आकडा समोर येतो.

प्रश्न : बदलापूरच्या खरवई एमआयडीसीच्या बाजूला दुपारी दोनदा जाऊन आलो, वास अजिबात नव्हता. घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर : दुपारी जाऊन कळणार नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि धूर वर न जाता वस्तीत पसरतो. रात्री अकरानंतर आणि पहाटे सहाच्या आत, डिसेंबर-जानेवारीत जा. कारखान्याच्या कुंपणापासून अंतरही बघा. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४मध्ये झालेल्या स्फोटांत आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या.

ज्यांना घाई नाही त्यांनी त्याच गल्लीत आधी अकरा महिने भाड्याने राहावं, आणि करार मे महिन्यात सुरू करावा म्हणजे टंचाई, पावसाळा आणि हिवाळा तिन्ही त्यात येतात. करार नोंदणीकृतच हवा आणि पोलिसांना भाडेकरूची माहितीही द्यायची असते. एक महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येईल असं कलम त्यात घालून घ्या. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ, सहा महिन्यांचा मागितला तर तीनवर आणा.