चौदा वर्षांनी पुन्हा उपासनेला गेलो तेव्हा

तुम्ही विचारलंय, बारा वर्षं चर्चची पायरी चढलो नाही, आता जावंसं वाटतंय, पण विश्वास पुरता परतलेला नाही, मग जाणं खोटेपणाचं होईल का? जा. मी चौदा वर्षांनी गेलो तेव्हा माझाही विश्वास अर्धामुर्धाच होता.

मी नगरचा. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय.) कमिटीच्या निवडणुकीवरून आमच्या मंडळीत दोन तट पडले. ज्यांनी लहानपणी माझ्याकडून वचनं पाठ करून घेतली, तीच माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. मी एकोणीस वर्षांचा होतो. तिथून माझं जाणं तुटलं.

परत आणलं ते गाण्यानं. आईचे गुडघे धरले, म्हणून दर रविवारी तिला स्कूटरवरून सोडायचो आणि बाहेर चिंचेखाली थांबायचो. आत पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की ओठ आपोआप हलायचे. एक शब्द विसरलो नव्हतो. चौथ्या रविवारी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. शेजारच्या आजींनी काही न विचारता गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. पानांचे कोपरे बोटं लागून लागून काळपट झाले होते.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या दोघांनाही तिथे जागा होती. हे मला फार उशिरा कळलं. संस्थेशी न पटणं म्हणजेच ख्रिस्तापासून तुटणं, असं मी उगाच धरून बसलो होतो.

पहिल्यांदा नाताळात जाऊ नका, “इतकी वर्षं कुठे होतास?” हे शंभरदा ऐकावं लागतं. साधा रविवार बघा. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेतली भाकर-द्राक्षारस घेण्याची, घाई नको. मी काही महिने बाकावरच बसून राहिलो, मग पाळकसाहेबांना भेटलो. तुम्ही कॅथलिक असाल तर मिस्साला (तुमच्या उपासनेला) खुशाल बसा, कम्युनियन (तुमच्याकडचं प्रभुभोजन) मात्र फादरांपुढे पापनिवेदन करूनच घ्यायचं. “खूप वर्षांनी आलोय, कसं करायचं आठवत नाही,” एवढंच फादरना सांगा. पुढचं ते सांगतात.

त्या भांडणातले दोघं अजून येतात. एकाशी बोलणं सुरू झालंय, दुसऱ्याशी नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण्यांना ऋण सोडल्याची ओळ आली की माझा आवाज अजून खाली जातो.