हिंदी कीबोर्डवर ळ, ऱ्या, ॲ आणि जर्मन कीबोर्डवर मराठी

तुमचा प्रश्न असा आहे: इंदूरला घेतलेल्या लॅपटॉपच्या कळांवर हिंदी अक्षरं छापलेली आहेत. नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर करायला बसलात तर ळ, ऱ्या आणि ॲ कुठेच सापडत नाहीत. मुलगा जर्मनीत आहे, त्याला तिकडच्या कीबोर्डवर मराठी लिहिता येईल का? आणि त्याच्या पत्त्यातली डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं इथून कशी काढायची?

मी इंदूरच्या रामबागेत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचं काम करते. पत्रिका छापायला येणाऱ्या मराठी घरांचा यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ळ तुमच्या कीबोर्डवर आहेच. शिफ्ट धरून एनची कळ दाबा. नुसत्या एनवर ल, शिफ्टबरोबर ळ. तुमच्या कळांवर जी रचना छापली आहे तिला इनस्क्रिप्ट म्हणतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती ठरवली आणि १९९१च्या भारतीय मानकात ती आली. एकाच रचनेवर वेगवेगळ्या भारतीय लिप्या लिहिता याव्यात असा तिचा हेतू होता, त्यामुळे हिंदीला न लागणारी अक्षरंही तिच्यात ठेवलेली आहेत. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क-ख, ग-घ, त-थ, प-फ अशा जोड्या एकेका कळीवर, आणि त्याच न्यायाने ल-ळ. छापणारे मात्र पुष्कळदा शिफ्टवरची अक्षरं अगदी बारीक छापतात किंवा गाळतातच, आणि माणसाला वाटतं की हिंदी कीबोर्डवर ळ नसतोच.

हे मी जरा जोर देऊन सांगतेय, कारण या समजापायी इंदुरात कितीतरी पत्रिका ‘काले’, ‘गोखले व टिलक परिवार’ अशा निघतात. स्टेडियमवर ‘होलकर’ लिहितात, पाट्यांवर ‘पलसीकर कॉलोनी’, ‘तिलक नगर’ असतं. हिंदीत ते तसंच लिहायचं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण घरच्या मुंजीची मराठी पत्रिका, तीही कळ हाताशी असताना, ल वर भागवू नका. ‘पळशीकर’ लिहून बघा: एच, शिफ्ट-एन, शिफ्ट-एम, आर, के, जे. सहा वेळा बोट टेकवलं की आडनाव जसंच्या तसं उमटतं.

आता ऱ्या. इथे बहुतेक जण साधा र, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), मग य असं दाबतात आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार येऊन बसतो. तो ‘सूर्य’मधला र झाला. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाडे’ यांतल्या र साठी शिफ्ट-जे दाबा. पडद्यावर खाली टिंब असलेला र दिसेल, तो बघून लगेच खोडू नका. पुढे डी म्हणजे हलन्त, आणि मग य किंवा ह दाबला की टिंब जाऊन आडवा र तयार होतो. ‘गोऱ्हे’ असं येतं: आय, ए, शिफ्ट-जे, डी, यू, एस. य ची कळ उजव्या शिफ्टच्या शेजारी, तिरक्या रेघेवर आहे.

ॲ चं प्रकरण थोडं किचकट आहे. शिफ्ट-एक दाबलं तर ऍ येतो. तो ए वरचा चंद्र, मराठीत आपण तो वापरत नाही. म्हणून लोक अ काढून त्यावर शिफ्ट-दोनने चंद्र ठेवतात. छापील कागदावर ते चालून जातं. पण संगणकाच्या लेखी अ अधिक चंद्र वेगळं आणि ॲ वेगळं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ॲ ला २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. पाहुण्यांच्या यादीत ‘ॲडव्होकेट’ शोधायला गेलात तर निम्मी नावं सापडणारच नाहीत. वर्डमध्ये काम करत असाल तर इंग्रजी आकड्यांत ०९७२ टाइप करा आणि लगेच आल्ट-एक्स दाबा, खरा ॲ येईल. (याच रीतीने ०९३३ ला ळ आणि ०९३१ ला ऱ मिळतो.) मी स्वतः मजकूर पूर्ण होऊ देते आणि शेवटी कंट्रोल-एचने (शोधून बदलण्याची सोय) सगळे जोडलेले ॲ एकदम बदलून घेते. फोनवर इतकी यातायात लागत नाही. तिथे हिंदीशेजारी मराठी भाषा जोडून घ्या, ॲ त्या कीबोर्डवर असतो.

कुठली कळ कुठे ते पाठ करत बसू नका. विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज आणि ओ एकत्र दाबलं की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. त्यातली शिफ्ट दाबली की वरची सगळी अक्षरं दिसतात. भाषा बदलायला विंडोजची कळ धरून स्पेसबार.

पत्रिका बाहेर छापायला टाकणार असाल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. इथली बरीच दुकानं अजून कृतिदेव फॉन्टवर रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने काम करतात. त्यात ळ शिफ्ट-जीवर असतो, तेव्हा ‘आमच्याकडे येत नाही’ असं कुणी म्हणालं तर ही कळ दाखवा. पण कृतिदेव आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. ती फाइल मुलाला पाठवलीत आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला की सगळी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. त्याला युनिकोडमधला मजकूर किंवा पीडीएफ पाठवा. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर ती टाइप करण्यातली चूक नाही. दोन्ही वळणांना क्रमांक एकच आहे. मजकुराची भाषा मराठी निवडली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर मराठी वळण मिळतं.

आता मुलाबद्दल. कळीवर काय छापलंय हे यंत्र वाचत नाही, कुठल्या जागेची कळ दाबली एवढंच त्याला कळतं. त्या जागेला कुठलं अक्षर द्यायचं ते निवडलेली रचना ठरवते. म्हणून त्याने जर्मन लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट जोडली की तुमची बोटं इथे जिथे पडतात तिथेच त्याची तिथे पडतील. ळ तिथेही शिफ्ट-एन, ऱ तिथेही शिफ्ट-जे. फरक पडतो तो कळांवरच्या छापात. जर्मन रचनेत वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, म्हणून आपला वायवरचा ब त्याला झेड छापलेल्या कळीवर मिळेल. य उजव्या शिफ्टशेजारच्या छोट्या आडव्या रेघेवर. त्यांच्या टिंबांच्या ओ वर आपला च, टिंबांच्या ए वर ट आणि टिंबांच्या यू वर ड. मला ही जुळणी फार आवडते. पुढे फ्रान्समध्ये गेला तर एमवरचा स त्याला स्वल्पविरामाच्या कळीवर शोधावा लागेल, कारण तिकडे एम वरच्या ओळीत सरकलेला असतो.

राहिला पत्ता. लॅपटॉपला वेगळी आकड्यांची पाटी असेल तर आल्ट धरून त्या पाटीवर ०२५२ दाबा, टिंबांचा यू येईल. ०२४६ ला ओ, ०२२८ ला ए, आणि ०२२३ ला ते बी सारखं दिसणारं एसझेट. आकड्यांची पाटी नसेल तर इंग्रजीची ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ रचना जोडा: आधी दुहेरी अवतरणाची कळ, मग यू, ओ किंवा ए. एसझेटसाठी उजवा आल्ट आणि एस. तीच रचना कायम ठेवू नका, कारण तिच्यात साधं अवतरणचिन्ह काढायलाही नंतर स्पेस द्यावी लागते आणि बाकी कामात ते वैताग आणतं.

आणि पत्रिका टपालात टाकायची घाई असेल, यातलं काही जमत नसेल, तर टिंबं गाळून नुसता यू लिहू नका. जर्मनीत त्याला ठरलेला पर्याय आहे: टिंबांच्या प्रत्येक अक्षराच्या जागी साधं अक्षर लिहून त्याच्यापुढे ई जोडायचा, म्हणजे यू-ई, ओ-ई, ए-ई, आणि एसझेटच्या जागी दोन एस. पाकिटावर असा पत्ता तिकडचे लोक सहज वाचतात.