पुण्यात सूर्यघड्याळ करायचंय. सूर्याची स्थिती कुठल्या वेबसाइटवर पाहावी?

गच्चीवर आडवं सूर्यघड्याळ करायचंय आणि त्यासाठी सगळ्यात अचूक साइट हवी, असं तुम्ही विचारलंय. अचूकतेची काळजी सोडा. सूर्यबिंबच जवळपास अर्धा अंश रुंद आहे. तेवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे सावलीची कड पुसटच पडते. ग्रहांची अतिअचूक स्थिती देणारी नासाची होरायझन्स सेवा इथे उगाच भारी होईल.

अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचा सोलर कॅल्क्युलेटर वापरा. त्यातले दिगंश-उन्नतांश (सूर्याची दिशा आणि क्षितिजापासूनची उंची) बाजूला ठेवून दोनच आकडे पाहा: 'सोलर नून', म्हणजे खरी मध्यान्ह, आणि 'इक्वेशन ऑफ टाइम', म्हणजे कालसमीकरण: खरा सूर्य सरासरी वेळेच्या किती पुढे-मागे आहे ते. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि पुणे 73.86 वर, म्हणून सूर्य घड्याळापेक्षा साधारण साडेचौतीस मिनिटं मागे. त्यात कालसमीकरण मिसळलं की खरी मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्यावर 12:49 च्या सुमारास होते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18 लाच.

उत्तर दिशेसाठी होकायंत्र नको, स्लॅबमधलं लोखंड सुई फिरवतं. ओळंबा टांगा आणि सोलर नूनच्या मिनिटाला दोऱ्याच्या सावलीवर रेघ मारा. हे हिवाळ्यात करा. मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावलीच सापडत नाही.

शेजारच्या इमारतीची सावली कधी आडवी येईल ते सनकॅल्क या साइटच्या नकाशावर पटकन कळतं. त्याचा उपयोग तेवढाच.

आता तुम्ही न विचारलेलं. आडव्या तबकडीचा हट्ट कशाला? तासरेषेच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे अक्षांशाचा साइन गुणिले तासकोनाचा (बारापासून दर तासाला 15 अंश) टॅन्जंट. पुण्याच्या 18.5 अंशांवर दुपारी एकची रेघ बाराच्या रेघेपासून जेमतेम 5 अंशांवर येते, तीनची साडेसतरावर. दुपारभर सगळी दाटीवाटी. लंडनच्या अक्षांशावर तीनची रेघ 38 अंशांवर असते, म्हणून तिकडचे तयार नकाशे इथे उतरवू नका.

त्यापेक्षा विषुववृत्तीय घड्याळ करा. शंकू, म्हणजे सावली पाडणारी काठी, उत्तरेला 18.5 अंश वर उचललेला, तबकडी त्याला काटकोनात, दर तासाला सरळ 15 अंश. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र याच तत्त्वावर आहे, फक्त तिथे तबकडीऐवजी वक्र पट्ट्या आहेत. सपाट तबकडी घेतलीत तर आकडे दोन्ही बाजूंना कोरा: सप्टेंबरअखेर ते मार्च ऊन खालच्या बाजूला पडतं.