कीबोर्डचा इंटरप्ट एकदाच का येतो, आणि टायमर उघडताच मशीन रीसेट का होतं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: शिकण्यासाठी तुम्ही एक छोटा ६४-बिट कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिताय. इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेली हाक; ती पोहोचवायला जुना ८२५९ इंटरप्ट कंट्रोलर वापरताय आणि आयडीटीच्या (कोणत्या क्रमांकाला कोणता कोड चालवायचा याच्या तक्त्याच्या) ९ क्रमांकावर कीबोर्डचा हँडलर, म्हणजे त्या हाकेला उत्तर देणारा कोड, बसवलाय. पहिली कळ दाबली की हँडलर चालतो, त्यानंतर कितीही कळा दाबल्या तरी काही होत नाही. टायमरची लाइन उघडली तर मशीन थेट रीसेट होतं. शिवाय हँडलरमध्ये नेमकं किती काम करावं हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं डिव्हाइस ड्रायव्हर लिहितोय आणि या दोन्ही अवस्थांतून गेलोय. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी रीसेटचं बघू, कारण त्याचं मूळ तुमच्या त्या ९ मध्येच आहे. ८२५९ ला आठ लाइन असतात. दोन चिपा एकमेकींना जोडल्या की एक लाइन जोडणीत जाते आणि १५ उरतात. कोणती लाइन वाजली की प्रोसेसरला कोणता क्रमांक सांगायचा, हे या चिपेला सुरुवातीला शिकवावं लागतं. एकूण २५६ क्रमांकांपैकी ० ते ३१ इंटेलने स्वतःच्या एक्सेप्शनांसाठी (प्रोसेसरला स्वतःलाच आढळलेल्या चुकांच्या इशाऱ्यांसाठी) राखून ठेवले होते. तरी १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये हार्डवेअरचे इंटरप्ट ८ ते १५ वर बसवले गेले. त्या वेळी कोणाचं काही अडलं नाही. पुढे प्रोटेक्टेड मोड (मेमरीला संरक्षण देणारा प्रोसेसरचा मोड) आला आणि ८ हा क्रमांक डबल फॉल्टचा, म्हणजे एक एक्सेप्शन हाताळतानाच दुसरं आलं की उठणाऱ्या एक्सेप्शनचा, झाला. बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) सोडलेली ती जुनी मांडणी आजही तशीच तुमच्या हातात येते. टायमर शून्याव्या लाइनवर असतो, म्हणजे त्याची टिक प्रोसेसरला ८ म्हणून पोहोचते. तुमच्या आयडीटीत ८ ची नोंद नसेल तर प्रोसेसर एक्सेप्शन उठवतो, त्याचाही हँडलर नसतो, मग खरा डबल फॉल्ट येतो, त्याचीही नोंद नसते, आणि तिसऱ्या पायरीला मशीन रीसेट होतं. बायोसचा टायमर सेकंदाला सुमारे १८.२ वेळा वाजतो, त्यामुळे हे सगळं ५५ मिलिसेकंदांच्या आत उरकतं. तुम्हाला काही छापायलाही सवड मिळत नाही.

८ वर डबल फॉल्टचा हँडलर लिहिलेला असता तरी सुटका नव्हती. खऱ्या डबल फॉल्टमध्ये प्रोसेसर स्टॅकवर एक एरर कोड जास्तीचा ठेवतो, टायमरच्या इंटरप्टमध्ये ठेवत नाही. हँडलर तो आहे असं धरून स्टॅकवरून एक घर जास्त काढतो, आणि परतीचा पत्ता म्हणून भलतीच संख्या उचलली जाते.

मग कीबोर्ड ९ वर एकदा तरी कसा चालला? तर ९ क्रमांकाचं एक्सेप्शन ३८६ नंतरच्या प्रोसेसरांत येतच नाही, ते घर रिकामं पडलेलं आहे. तुमचा हँडलर तिथे योगायोगाने टिकला. अशा योगायोगावर पुढचं काही उभारू नका. दोन्ही चिपांना नव्याने शिकवा: पहिलीला सुरुवातीचा क्रमांक ३२ द्या, दुसरीला ४०. त्यासाठी पोर्ट हेक्स २० आणि हेक्स ए० वर हेक्स ११ लिहायचं (हेक्स म्हणजे १६ च्या पायातली संख्या), मग त्यांच्या पुढच्या पोर्टांवर, म्हणजे हेक्स २१ आणि हेक्स ए१ वर, क्रमाने सुरुवातीचा क्रमांक, जोडणीची माहिती (पहिलीला ४, दुसरीला २) आणि शेवटी १. यानंतर टायमर ३२ वर येईल आणि कीबोर्ड ३३ वर.

आता कीबोर्ड एकदाच का येतो. इंटरप्ट हँडलर तिघांचं देणं लागतो: ज्याचं काम मधेच थांबवलं तो कोड, ज्याने निरोप आणला तो कंट्रोलर, आणि ज्याने हाक मारली ते डिव्हाइस. यातल्या एकाचंही देणं चुकवलं तर बिघाड दिसतो, पण बहुतेक वेळा तो दुसरीकडेच दिसतो. इंटरप्टच्या चुका शोधायला इतक्या जड का जातात, याचं माझ्या मते हेच कारण आहे.

कंट्रोलरचं देणं म्हणजे ईओआय, काम संपल्याची पोच. पोर्ट हेक्स २० वर हेक्स २० ही संख्या लिहायची. इंटरप्ट दुसऱ्या चिपेवरून आला असेल तर हेक्स ए० वरही लिहायची. पोच मिळेपर्यंत चिपेच्या आत त्या लाइनचा बिट चढलेला राहतो, आणि ती लाइन व तिच्याहून खालच्या प्राधान्याच्या सगळ्या लाइन अडून राहतात. शून्यावी लाइन सर्वांत वरची. यातून निदानाची एक चांगली खूण मिळते. कीबोर्डची पोच विसरलात तर टायमर चालू राहतो, पण कीबोर्ड आणि त्याच्या खालचं सगळं गप्प होतं. टायमरची पोच विसरलात तर सगळंच गप्प होतं.

डिव्हाइसचं देणं वेगळं आहे आणि नवशिके ते जास्त विसरतात. कळेचा स्कॅनकोड (कोणती कळ ते सांगणारी संख्या) पोर्ट हेक्स ६० वर वाट बघत असतो. तो वाचला नाही तर कीबोर्ड कंट्रोलरचा बफर भरलेलाच राहतो, त्याची लाइन खाली येत नाही, आणि ८२५९ या लाइनवर नवी चढण शोधत असल्यामुळे पुढचा इंटरप्ट जन्मालाच येत नाही. स्कॅनकोडची गरज नसली तरी तो वाचून टाकावाच लागतो.

तुमच्याकडे या दोनपैकी काय झालंय ते अंदाजाने ठरवू नका. क्यूएमूत (सॉफ्टवेअरने आभासी मशीन उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवत असाल तर अडकल्यावर त्याच्या मॉनिटरमध्ये जाऊन ‘इन्फो पिक’ ही आज्ञा द्या. आयएसआरच्या (पोच न मिळालेल्या लाइनांचे बिट दाखवणाऱ्या) रकान्यात ०२ दिसलं तर कीबोर्डची पोच राहिली आहे. तिथे शून्य असेल आणि मास्कमध्येही (कोणत्या लाइन बंद ते ठरवणाऱ्या संख्येतही) लाइन उघडी असेल तर पोर्ट हेक्स ६० कडे बघा. रीसेटसाठी क्यूएमू इंटरप्टांच्या नोंदी लिहिण्याच्या पर्यायासह आणि रीबूट न करण्याच्या पर्यायासह चालवा, म्हणजे एक्सेप्शनांची ती साखळी क्रमाने डोळ्यांसमोर येते.

आता तिसरं देणं, ज्याचं काम थांबवलं त्या कोडचं. हे सर्वांत मोठं आहे आणि इथली चूक लगेच दिसत नाही. त्या कोडला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागता कामा नये. प्रोसेसर स्वतः फक्त पाच गोष्टी स्टॅकवर ठेवतो: परतीचा पत्ता, कोड सेगमेंट, फ्लॅग्ज, स्टॅक पॉइंटर आणि स्टॅक सेगमेंट. बाकी रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या जागा) सांभाळणं तुमच्याकडे. म्हणून सीमधलं साधं फंक्शन थेट आयडीटीत बसवता येत नाही. ते साध्या रिटर्नने परततं, तर इथे आयरेट, म्हणजे इंटरप्टमधून परतायची सूचना, लागतो. शिवाय बोलावणाऱ्याने ती जपलेली असतील असं धरून ते नऊ रजिस्टर बिनदिक्कत वापरतं. इथे बोलावणारा कोणी नाहीच. असेम्ब्लीत एक छोटं आवरण लिहा: ती नऊ रजिस्टर ढकला, डायरेक्शन फ्लॅग साफ करा, सी फंक्शन बोलवा, रजिस्टर उलट क्रमाने काढा, आयरेट करा. कर्नल कंपाइल करताना एसएसईची (एकाच वेळी अनेक संख्यांवर काम करणारी) रजिस्टर वापरू नकोस असंही कंपायलरला बजावून ठेवा, कारण तुमचं आवरण ती जपत नाही.

एवढं करूनही एक खड्डा राहतो, आणि मी त्यात पडलो होतो. माझ्या एका कर्नलमध्ये काही तासांतून एकदा एका फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलची किंमत बदलायची. ऑप्टिमायझेशन बंद केलं की चूक गायब. छापण्यासाठी एक ओळ टाकली तरी गायब. दोन आठवडे मी मेमरी ॲलोकेटरवर संशय घेत होतो. कारण निघालं रेड झोन. लिनक्सवरच्या कंपायलरांत चालणाऱ्या ६४-बिट नियमांनुसार, जे फंक्शन दुसऱ्या कोणाला बोलवत नाही त्याला स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट पॉइंटर न हलवता वापरायची मुभा आहे. युझर प्रोग्रामसाठी ते सुरक्षित आहे. पण कर्नल चालू असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच स्टॅकवर, नेमक्या त्याच जागेत आपल्या पाच गोष्टी लिहितो. छापणारी ओळ टाकली की ते फंक्शन दुसऱ्याला बोलवणारं होतं आणि ही मुभा संपते, म्हणून चूक लपत होती. कंपायलरला रेड झोन वापरू नकोस असं सांगणारा एक पर्याय दिला की विषय संपतो. तो आजच देऊन टाका.

ही भीती जुनी आहे. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी इलेक्ट्रोलॉजिका कंपनीच्या एक्स१ संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्राम लिहिला आणि १९५९ साली त्यावर पीएचडीचा प्रबंध सादर केला. हार्डवेअर बनवणाऱ्या सहकाऱ्यांनी इंटरप्टची कल्पना मांडली तेव्हा आपण घाबरून गेलो होतो, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. पुन्हा घडवून दाखवता येणार नाहीत अशा चुकांची ती भीती होती. चाचणी कितीही केली तरी इंटरप्ट दोन विशिष्ट सूचनांच्या मधेच येईल याची हमी देता येत नाही. त्यामुळे इथे कोड चालवून पाहण्यापेक्षा वाचून पटवून घेणं जास्त मोलाचं आहे.

हे सगळ्यात जास्त लागू होतं ते हँडलर आणि उरलेला कर्नल एकच डेटा वापरतात तिथे. समजा हँडलर स्कॅनकोड एका गोल बफरमध्ये टाकतो आणि मुख्य कोड तो काढतो. मुख्य कोड मोजणी वाचून, एक कमी करून परत लिहीत असताना मधेच कळ दाबली गेली, तर ती नोंद हरवते. एकाच कोअरवर उपाय सोपा आहे: तेवढ्या दोन-तीन ओळींपुरते इंटरप्ट बंद ठेवा. मात्र शेवटी डोळे झाकून एसटीआय (इंटरप्ट उघडायची सूचना) करू नका. आधीचे फ्लॅग्ज जपून ठेवा आणि तेच परत बसवा. ते फंक्शन इंटरप्ट आधीच बंद असलेल्या ठिकाणाहून बोलावलं गेलं असेल, तर तुमचा एसटीआय दुसऱ्याचं संरक्षण मोडतो. एकाहून जास्त कोअर असतील तर स्पिनलॉकही (मिळेपर्यंत फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) लागतो, आणि इंटरप्ट बंद करणंही लागतंच. साध्या कोडने लॉक धरलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि हँडलरला तोच लॉक हवा असला, तर हँडलर कायमचा फिरत राहील, कारण लॉक सोडणारा त्याच्याच खाली दबलेला असतो. लिनक्समध्ये स्पिनलॉक घेताना फ्लॅग्ज जपणारं वेगळं फंक्शन आहे ते यासाठीच.

अशीच एक बारीक जागा म्हणजे कळेची वाट बघताना प्रोसेसरला झोपवणं. बफर रिकामा आहे हे तपासलं आणि हॉल्ट केलं, पण नेमकी त्या दोघांच्या मधे कळ आली तर? ती बफरमध्ये पडून राहते आणि तुम्ही झोपता. तपासण्यापूर्वी इंटरप्ट बंद करा, आणि बफर रिकामा असेल तर एसटीआय व हॉल्ट या सूचना लागोपाठ द्या. बंद असलेले इंटरप्ट एसटीआयने उघडले तरी ते पुढची एक सूचना पार पडल्यावरच आत येतात, त्यामुळे मधे फट राहत नाही. या बारकाव्याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हँडलरमध्ये किती काम करावं? डिव्हाइसकडून जे आत्ताच उचललं नाही तर हरवेल तेवढं उचला, पोच द्या, बाकीचं नोंदवून ठेवा आणि निघा. स्कॅनकोडचं अक्षर करणं, पडद्यावर छापणं, मेमरी मागणं हे सगळं नंतर, इंटरप्ट उघडे असताना. हँडलरमध्ये झोपायची वेळ येईल असं काहीही करू नका. हँडलर ही प्रोसेस नाही, त्यामुळे शेड्युलर त्याला बाजूला ठेवून नंतर परत आणू शकत नाही. लिनक्समध्ये या मागे ठेवलेल्या कामासाठी सॉफ्टआयआरक्यू आणि वर्कक्यू आहेत, आणि २००९ पासून हँडलरचा मोठा भाग स्वतंत्र थ्रेडमध्ये चालवायचीही सोय आहे. ड्रायव्हर नवीन लिहायचा असेल तर मी सहसा थ्रेडच निवडतो. थोडा वेळ जास्त जातो, पण साधा म्यूटेक्स (वाट बघताना झोपू देणारं कुलूप) वापरता येतो.

कीबोर्डला ही काटकसर फारशी जाणवणार नाही. नेटवर्क कार्डाला जाणवते. १० गिगाबिटच्या लाइनवर सर्वांत लहान फ्रेम ६७.२ नॅनोसेकंदांनी एक येऊ शकते, म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला प्रत्येक फ्रेममागे जेमतेम २०० सायकल मिळतात. प्रत्येक फ्रेमला इंटरप्ट घेतला तर आत-बाहेर करण्यातच वेळ जाईल, आणि आलेली फ्रेम वापरणारा प्रोग्राम कधी चालणारच नाही. मोगल आणि रामकृष्णन या संशोधकांनी १९९६ मध्ये या अवस्थेवर लिहिलं होतं. लिनक्समधला उपाय असा: पहिला इंटरप्ट आला की त्या कार्डाचे इंटरप्ट बंद करायचे, फ्रेम ठराविक मर्यादेपर्यंत स्वतःहून काढत राहायचं, आणि रांग रिकामी झाली की पुन्हा उघडायचे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे घोळ होईल. कधीकधी सातव्या लाइनचा इंटरप्ट कोणीही हाक न मारता येतो. लाइन वाजून प्रोसेसरने विचारेपर्यंत खाली गेली तर ८२५९ काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून ७ सांगतो. हँडलरमध्ये आयएसआर वाचा, ७ चा बिट चढलेला नसेल तर पोच न देता परता. पंधराव्या लाइनवर असंच झालं तर पोच फक्त पहिल्या चिपेला द्या, कारण जोडणीच्या लाइनचा बिट तिथे खरोखर चढलेला असतो.

आता क्रम सांगतो. चिपांना नवे क्रमांक द्या, हेक्स ए१ वर एफएफ लिहून दुसरी चिप पूर्ण बंद ठेवा, आणि हेक्स २१ वर एफई लिहून फक्त टायमर उघडा. त्याचा हँडलर एक मोजणी वाढवून पोच देईल, एवढंच. टायमरला ११९३२ हा भाजक दिलात तर सेकंदाला १०० टिका येतील. दहा मिनिटं चालू ठेवा आणि मोजणी ६०,००० च्या आसपास आहे का बघा. जमलं की मास्क एफसी करा, म्हणजे कीबोर्डही उघडेल. मग कळा दाबा, आणि दाबत असताना टायमरची मोजणी थांबत नाही ना याच्यावर लक्ष ठेवा.