गॅरेजची स्प्रिंग तुटली? आधी बटण दाबणं थांबव

रात्री गॅरेजमधून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला म्हणतोस, म्हणजे दारावरच्या दांड्याची टॉर्शन स्प्रिंगच (पीळ देऊन बसवलेली स्प्रिंग) गेली असणार. वेटोळ्यांत दोनेक इंचांची फट दिसते का बघ. दिसली तर ओपनरचं, म्हणजे दार उघडणाऱ्या मोटरचं, बटण अजिबात दाबू नकोस. दाराचं वजन स्प्रिंग पेलते, मोटर नव्हे. दीडशे पौंडांचं दार तिला ओढायला लावलंस तर स्प्रिंगच्या खर्चात नवा ओपनरही वाढेल.

अमेरिकेत स्प्रिंग बदलायचं काम मजुरीसकट साधारण 150 ते 350 डॉलरमध्ये होतं. स्प्रिंगा दोन असतील तर दोन्ही बदल. दोघी एकाच वयाच्या, दुसरीही फार दिवस काढत नाही, मग माणूस यायचे पैसे पुन्हा. साधी स्प्रिंग सुमारे 10,000 वेळा उघडझाप सोसते. रोज चारदा धरलं तर जेमतेम सात वर्षं. थोडे जास्त देऊन 20,000 वाली मिळते, तीच घे.

फोनवरच विचार, सगळं धरून किती? माझ्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने रोलर, केबल, बेअरिंग सगळंच 'गेलंय' म्हणत आठशेचा आकडा सांगितला होता. दुसऱ्याने फक्त स्प्रिंगा बदलल्या, दार अजून मस्त चालतंय.

आणि व्हिडिओ बघून स्वतः करायला जाऊ नकोस. नळ-पंखे मीही घरीच दुरुस्त करतो, पण पिळलेली स्प्रिंग सटकली तर हात मोडतो. गाडी आत अडकली असेल तर राहू दे, उद्या ऑफिसला कुणाबरोबर तरी जा.