आधी लेझीम थांबवून बघ

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळ,

वडिलांच्या मिनीडीव्ही कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या, हे झकास काम केलंस. आता ‘सगळ्यात भारी व्हिडिओ कन्व्हर्टर कुठला’ म्हणून विचारतोस. फुटेज कसलं आहे ते आधी बघ की रे!

तुझं पाल (PAL, आपल्याकडची जुनी टीव्हीची पद्धत) आहे: 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या पोरांवर चित्र थांबव. मनगटाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतील. ते डीइंटरलेस करून, म्हणजे दोन फील्डांची गुंफण सोडवून, घालवायचे, मगच आकाराला हात लावायचा. मी एकदा उलटं केलं. थेट 1280 बाय 720 ला ताणलं. ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या, वर माणसं जाडी झाली ती वेगळीच. तोवर त्याच कॅसेटीवर मी कुणाचं तरी लग्न भरलं होतं. ती मिरवणूक गेली ती गेलीच.

तुझ्या कामाला हँडब्रेक हा प्रोग्रॅम पुरे, फुकट आहे. फिल्टरमध्ये डीइंटरलेस लावून ‘बॉब’ निवड. 50 फील्डांच्या 50 फ्रेम होतात, हात सळसळत हलतात. प्रीसेट (तयार सेटिंग) मात्र 30 फ्रेमला अडकवलेला नको. 4:3 चं चित्र 768 बाय 576 ठेव. एन्कोडर एक्स264, दर्जाचा आकडा म्हणजे आरएफ 18 ते 20. आकडा उतरला की फाइल फुगते. 1080 करायचा मोह आवर. फेट्याची जरतार टेपवर उतरलीच नसेल तर ताणून कुठून येणार?

ग्राफिक कार्डाचं एन्कोडिंग झटपट होतं, पण तेवढ्याच दर्जाला फाइल बहुधा मोठी होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिपांना चालेल. कॅसेटी प्रोसेसरवर रात्रभर लाव, इन्व्हर्टरचं पाणी तेवढं बघून ठेव.

एडिटिंगसाठी प्रोरेस हा फॉरमॅट हवा असेल तर शटर एन्कोडर हा प्रोग्रॅम घे. आणि नुसतं एमकेव्हीचं एमपी4 करायचं, म्हणजे फाइलचं वेष्टन तेवढं बदलायचं असेल तर एफएफएमपेग या प्रोग्रॅममध्ये कॉपी कर. चित्राला धक्का लागत नाही, मिनिटभरात काम होतं. हँडब्रेक चित्र दरवेळी नव्यानं एन्कोड करतो.

मूळ डीव्ही फाइली पुसू नकोस. तासाला साधारण 13 जीबी लागतात, एक डिस्क वेगळी घे.

एक मिनिटाचा तुकडा करून पाठव. लेझीमचाच.

तुझा,
काका